चांदीच्या दुकानातला उजेड

पहिल्यांदा मी दोष दिला तो पॉलिश करणाऱ्या पोराला. समयांचा जोड गिऱ्हाइकापुढे ठेवायचा होता आणि मला चांदी पिवळट दिसत होती. "अरे, घासलीस का नुसती पुसलीस? पितळेसारखी दिसतेय," असं चारचौघांत बोलून गेलो. पोरगं गप्प. पुन्हा घासून आणली, पुन्हा तेच. शेवटी शेठ उठले, समई हातात फिरवून बघितली आणि म्हणाले, "नाना, लख्ख आहे की. तुम्ही एकदा डोळे दाखवून या."

मी नाशिकच्या सराफ बाजारात चांदीच्या भांड्यांच्या दुकानात हिशेब लिहितो. एकतीस वर्षं झाली. दुकानात नजर टाकाल तिथे चमकणारंच काहीतरी: ताम्हनं, पंचपात्र्या, निरांजनं, पेले, अत्तरदाण्या. मागे आरसे, वर दिवे, मध्ये काचेचं काउंटर. माल उठून दिसावा म्हणून केलेली मांडणी ती. तिच्या मधोमध मी बसतो, आणि उजेडाचा त्रास सुरू झाला तो नेमका मलाच.

डोळे दाखवायला गेलो ते चष्म्याचा नंबर बदलला असेल या समजुतीनं. डॉक्टरांनी नंबर काढला, मग डोळ्यांतलं प्रेशर मोजलं. उजव्यात 26, डाव्यात 24. साधारण 10 ते 21 असावं लागतं म्हणे. त्यांनी बाहुली मोठी करणारे थेंब घालून डोळ्यामागची, मेंदूकडे जाणारी नस बघितली, स्कॅन काढला आणि एका अंधाऱ्या खोलीत नजरेचा घेर मोजणाऱ्या फिल्ड टेस्टला बसवलं. ही टेस्ट ज्यांनी दिली आहे त्यांना वेगळं सांगायला नको. एका डोळ्यावर पट्टी, हनुवटी टेकवायची, समोर मोठ्या पांढऱ्या वाडग्यासारखं यंत्र. मधल्या ठिपक्यावरून नजर हलवायची नाही आणि कडेला कुठे ठिणगी लुकलुकली की हातातलं बटण दाबायचं. मला वाटत होतं आपण भराभर दाबतोय. कागद आला तेव्हा खालच्या बाजूला काळपट पट्टा. तेवढ्या भागातल्या ठिणग्या मला दिसल्याच नव्हत्या, आणि त्या दिसल्या नाहीत हेही कळलं नव्हतं.

काचबिंदू. शिवाय दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, भिंग मधोमध पिवळं पडलेलं आणि मागच्या बाजूला धुरकट डाग. माझी समई पिवळी का, ते तिथे कळलं.

काचबिंदू म्हणजे काय ते डॉक्टरांनी सांगितलं: डोळ्यात सतत एक पाणी तयार होतं आणि बारीक जाळीतून निघून जातं, जाळीतून पाणी नीट निघेना की आत दाब वाढतो आणि नस हळूहळू मरते. गोदाकाठच्या माणसाला हे समजायला वेळ लागत नाही. गंगापूर धरणातून विसर्ग किती सोडला यावर आमच्या बाजारातला माल वर हलवायचा की नाही ते ठरतं. नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीला कुठपर्यंत पाणी चढलं, हेच आमचं मोजमाप. 2019च्या ऑगस्टात बाजारात पाणी शिरलं तेव्हा खतावण्या डोक्यावर घेऊन जिना चढलो होतो. पण पूर ओसरला की गाळ उपसून दुकान पुन्हा मांडता येतं. नसेचं जे गेलं ते परत येत नाही, असं डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी स्वच्छ सांगितलं. थेंब घालायचे ते उरलेलं टिकवायला.

थेंबांची सवय लागली. रात्री झोपताना एक, आणि दुसरे दिवसातून दोनदा. थेंब घातला की डोळा मिटून नाकाजवळचा कोपरा दोन मिनिटं बोटानं दाबून धरायचा, म्हणजे औषध नाकाघशात उतरत नाही. दोन वेगळ्या थेंबांमध्ये पाच मिनिटं तरी जाऊ द्यायची. नवी बाटली फ्रिजच्या दारात, लिंबांच्या शेजारी. प्रेशर 16 वर आलं आणि मी निश्चिंत झालो.

पण उजेडाचं काय? प्रेशर उतरलं तरी डोळे दिपायचे ते दिपतच होते. उलट वाढलंच. दुपारी जेवायला पंचवटीत घरी जातो. पूल ओलांडताना रामकुंडाकडचं पाणी, धुतलेल्या घाटाचे ओले दगड, उभ्या गाड्यांच्या काचा, सगळं एकदम अंगावर यायचं. समोर कोणी आहे हे दिसायचं, पण चेहरा नाही. ओळखीची माणसं हात करायची आणि मी सरळ पुढे जायचो. "नानांना आजकाल माज आलाय," हेही कानावर आलं.

पुढच्या तपासणीला मी हेच विचारलं. डॉक्टर म्हणाले, एसटीची पुढची काच धुळीनं माखलेली असते तेव्हा काय होतं आठवा. सावलीत रस्ता बरा दिसतो. समोरून ऊन आलं की तीच काच पांढरी होते, कारण धूळ उजेड विखुरते. मोतीबिंदू म्हणजे तुमच्या डोळ्यातली तशी काच. त्यात तुमचा एक डाग मागे, मधोमध. लख्ख उन्हात बाहुली लहान होते आणि सगळा उजेड नेमका त्या डागातूनच आत येतो. म्हणून तुम्हाला भर दुपारी संध्याकाळपेक्षा कमी दिसतं. आणि काचबिंदूमुळे फिक्या-गडदातला फरक ओळखण्याची ताकद कमी झालेली, उन्हातून सावलीत गेल्यावर डोळा जुळवून घ्यायलाही वेळ लागतो. एकानं दिपवायचं, दुसऱ्यानं अंधारात ढकलायचं, अशी दोघांची भागीदारी.

जाताना त्यांनी एक ताकीद दिली. दिव्याभोवती पुसट वलय दिसलं तर घाबरू नका, मोतीबिंदूत ते दिसतं. पण इंद्रधनुष्यासारखी रंगीत कडी दिसली, डोळा लाल होऊन ठणकायला लागला, डोकं दुखून मळमळलं, तर सकाळची वाट बघायची नाही. रात्री असलं तरी यायचं. ते वाक्य हिनं कॅलेंडरच्या मागे लिहून ठेवलंय.

हे सगळं ऐकूनही मी जे करायला नको तेच केलं. एका चष्म्याच्या दुकानात गेलो. काउंटरवरच्या मुलानं काळाकुट्ट गॉगल काढला, "काका, हा घ्या, याच्याहून डार्क येतच नाही." घातला, बाहेर बघितलं, एकदम गार वाटलं. पैसे दिले. दोन दिवस मी त्याचे गुण गात होतो. तिसऱ्या दिवशी दुपारी घाटावरच्या एका देवळाच्या सावलीत शिरलो. काळा दगड, काळी सावली, डोळ्यावर काळी काच. शेवटची पायरी मला नव्हतीच. गुडघा फुटला, डबा घरंगळत गेला, एका फुलवाल्या बाईनं उचलून बसवलं. "दिसत नाही तर काळा चष्मा कशाला घालता बाबा?" ती म्हणाली. डॉक्टरांनी नंतर तेच सांगितलं, फक्त जरा लांबवून. माझ्या नजरेचा खालचा पट्टा आधीच गेलेला. त्यात गॉगलनं चकाकीबरोबर हवा असलेला उजेडही काढून घेतला. मला उजेड हवाच आहे, इतरांपेक्षा जास्त हवाय. तो फक्त तोंडावर नको.

त्यानंतर मुलानं हौसेनं उन्हात आपोआप काळी होणारी काच करून आणली. वाईट नाही, पण तिचं काम अल्ट्राव्हायोलेट किरणांवर चालतं आणि गाडीची पुढची काच ते किरण बरेचसे अडवते. म्हणजे मुलाच्या गाडीत बसलो की ती काळी होतच नाही, आणि उन्हातून दुकानात आलो की लवकर उतरत नाही. दोन्हीकडे उलटी.

शेवटी ज्यांच्याकडे कमी दिसणाऱ्यांसाठी वेगळी तपासणी होते अशा ठिकाणी पाठवलं गेलं, आणि तिथल्या ताईंनी जे केलं ते आधी कोणीच केलं नव्हतं. मला आतल्या दिव्याखाली न बसवता दारात, उन्हात उभं केलं. हातात एकेक रंगीत काच देत गेल्या. "रस्त्यावरच्या त्या गाडीचा नंबर वाचा. आता ती पायरी कुठे संपते ते सांगा." करडी काच लावली तर चकाकी कमी, पण पायरीची कड विरघळली. कोऱ्या चहाच्या रंगाची, मधाळ छटेची फिकट काच लावली आणि पायरीची कड काढल्यासारखी वर आली. निळा उजेड जास्त विखुरतो, ती छटा तो अडवते, असं त्यांनी सांगितलं. प्रत्येकाला हीच चालेल असं नाही हेही बजावलं. कोणाला पिवळी, कोणाला करडी बरी वाटते. उन्हात उभं राहून ठरवायचं, हीच पद्धत.

पुलावरच्या पाण्यासाठी पोलराइज्ड काच वेगळी. पाण्यावरून, ओल्या रस्त्यावरून, गाडीच्या टपावरून आडवा परावर्तित होऊन येणारा उजेड ती गाळते. पहिल्यांदा ती लावून रामकुंडाकडे बघितलं तेव्हा पत्र्यासारखं दिसणारं पाणी पुन्हा पाणी झालं, हिरवट, गढूळ, वर तरंगणारी झेंडूची पाकळी दिसली. मी पुलावर तसाच उभा. एक गंमत मात्र आहे: त्या काचेतून मोबाइल विशिष्ट कोनात धरला की पडदा काळा पडतो. पहिल्या दिवशी मी फोन बिघडला म्हणून दुरुस्तीला घेऊन गेलो होतो. मी नेहमीच्या चष्म्यावरून बसणारी, बाजूंनीही झाकणारी चौकट घेतली, कारण कानशिलाकडून येणारी तिरीप समोरच्या उन्हाइतकीच छळते.

आणि टोपी. या सगळ्यात सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात कामाची वस्तू. आयुष्यभर लग्नकार्यात गांधी टोपी घातली, तिला पुढे चोच नाही. नातवाची क्रिकेटची टोपी डोक्यावर चढवली आणि वरून येणारं निम्मं ऊन तिथल्या तिथे अडलं. धोतर-सदरा आणि वर निळी क्रिकेटची टोपी, असं ध्यान बाजारातून निघालं की पोरं हसायची. हसू द्या. आता दुकानातही घालतो, छतातले दिवे चुकवायला.

काळाराम मंदिराचा अनुभव वेगळा सांगतो, कारण तिथे मी थांबायला शिकलो. दुपारी आवारातलं फरसबंदी अंगण तापून पांढरं झालेलं असतं, पाय भाजतात म्हणून माणूस पळत सभामंडपाकडे जातो. आत पाऊल टाकलं की माझ्यापुढे काळोख. आधी मी रेटून पुढे जायचो, लोकांच्या पायांवर पाय. आता खांबाला हात लावून उभा राहतो आणि रामरक्षेतले आठ-दहा श्लोक म्हणतो. तोवर आधी समया दिसतात, मग दगड, मग माणसं. मागून कोणीतरी "चला ओ काका" म्हणतंच. म्हणू द्यावं. दुकानाच्या उंबऱ्यावरही हेच करतो, श्लोक मनातल्या मनात.

घरात बदल केले ते हिनं. बैठकीत समोरच्या भिंतीवर उघडा पांढरा एलईडी होता, तो काढला. त्याऐवजी माझ्या खुर्चीच्या मागे, डाव्या खांद्यावरून उजेड पडेल असा झाकणाचा दिवा. खिडकीला पातळ सुती पडदा. ऊन येतं, टोचत नाही. सकाळी टेबलावर स्टीलचं ताट चमकायचं म्हणून माझ्यापुरतं निळ्या कडेचं चिनी मातीचं ताट. "चांदीच्या दुकानातला माणूस आणि जेवतो कशात!" असं तिचं रोजचं. जिन्याच्या पायऱ्यांच्या कडांना पिवळी पट्टी चिकटवली. ती पट्टी मी मागितली नव्हती; घाटावर पडलो ते तिनं लक्षात ठेवलं होतं.

दुकानात शेठांना सांगायला मात्र महिना लावला. वाटलं, म्हणतील हिशेबनिसाला दिसत नाही तर खतावणी कशी देऊ. शेवटी सांगितलं. त्यांनी काही विचारलं नाही, माझी गादी उचलून खिडकीकडे पाठ येईल अशी लावायला सांगितली. शेजारच्या काचेवर गडद हिरवी मखमल पसरली. कागदी खतावणी वाचायला मी काळ्या पुठ्ठ्याला एका ओळीएवढी खाच पाडली आहे. ओळीवर ठेवली की पांढऱ्या पानाचा बाकी उजेड झाकला जातो आणि आकडे स्थिर बसतात. संगणकावर काळ्या पाटीवर पांढरे आकडे करून घेतले. पाटीवर शिकलेल्या माणसाला ते परकंही वाटलं नाही.

स्कूटर सोडणं मात्र जिवावर आलं. द्वारका चौकाकडून रात्री येताना समोरच्या गाडीचा पांढरा झोत डोळ्यांत गेला आणि नंतरचे काही क्षण पुढे नुसतं पांढरं. गाडी निघून गेली तरी पांढरं. माझ्या पुढ्यात एक सायकलवाला होता हे मला त्याच्या शिवीवरून कळलं. घरी येऊन किल्ली मुलाच्या हातात दिली. त्यावर जास्त लिहीत नाही.

थेंबांमुळे डोळे कोरडे पडतात आणि कोरड्या डोळ्याला उजेड जास्त बोचतो, हेही मला फार उशिरा कळलं. कृत्रिम अश्रूंचे थेंब सुरू केले, थोडा फरक पडला. काचबिंदू घराण्यात चालतो म्हणून सिन्नरच्या धाकट्या भावाला तपासायला लावलं. कुरकुरत गेला. त्याचंही प्रेशर वरच्या बाजूला निघालं. आता तो कुरकुरत थेंब घालतो.

काच, टोपी, मखमल एवढं करून दोन वर्षं काढली. मग मोतीबिंदू इतका पिकला की कशानंच भागेना. उजव्या डोळ्याची शस्त्रक्रिया ठरली. मी ऐकून गेलो होतो की दूरचं-जवळचं दोन्ही दिसणारं महागाचं भिंग मिळतं, चष्माच लागत नाही. मुलगा पैसे घेऊन तयार. डॉक्टरांनी नको म्हणून सांगितलं. ते भिंग उजेड वाटून देतं, त्यात फिक्या-गडदातला फरक आणखी कमी होतो, दिव्यांभोवती वलयं दिसू शकतात. काचबिंदूत तीच ताकद आधी कमी असते. साधं, एकाच अंतराचं भिंग घाला, वाचायला चष्मा वापरा. महाग वस्तू विकायची संधी असताना स्वस्त घ्या म्हणणारा माणूस भेटला की माझ्यासारख्या बाजारातल्या माणसाचा लगेच विश्वास बसतो.

शस्त्रक्रियेचं काय सांगू, पंधरा-वीस मिनिटांत झाली. डोळा सुन्न, वर एक प्रचंड दिवा, कोणीतरी पाण्याखालून बघावं तसे त्याचे रंग हलत होते. दुखलं नाही. नंतरचं जपणं मोठं: पाणी नको, चोळणं नको. शिवाय सुजेसाठी दिलेल्या स्टिरॉइडच्या थेंबांनी काही जणांचं प्रेशर चढतं, काचबिंदूवाल्यांचं जास्त, म्हणून मला तपासायला लवकर-लवकर बोलावलं. माझं 21 पर्यंत गेलं आणि उतरलं. काचबिंदूचे थेंब बंद झाले नाहीत. मोतीबिंदू काढला म्हणजे काचबिंदूही गेला, असं शेजारच्या दुकानदारानं मला अभिनंदन करत सांगितलं होतं. तसं नसतं.

पट्टी काढल्यावरचा पहिला आठवडा चकाकी कमी व्हायच्या ऐवजी वाढली. इतकी वर्षं पिवळ्या, मळक्या काचेतून बघणाऱ्या डोळ्याला एकदम स्वच्छ खिडकी मिळाली. भिंती निळसर, ट्यूबलाइट अंगावर येणारी. डोळ्याच्या बाहेरच्या कडेला एक सावलीची कोर दिसायची, ती पुढे विरली. टोपी आणि मधाळ काच यांनीच ते दिवस निभावले. मग हळूहळू दिव्यांची पसरलेली फुलं मिटली, दिवे पुन्हा ठिपके झाले. पण उन्हातून सावलीत गेल्यावरचा काळोख तसाच आहे. खालचा पट्टाही तसाच. खांबापाशी श्लोक अजून म्हणतो, दोन-चार कमी लागतात एवढंच.

दुकानात परतलो त्या दिवशी समयांचा एक जोड काउंटरवर होता. मी डावा डोळा झाकून बघितलं: पांढरी, दुधासारखी चांदी. उजवा झाकला: पितळ. पुन्हा डावा, पुन्हा उजवा. पॉलिशवाला पोरगा लांबून बघत होता. त्याला जवळ बोलावलं, म्हटलं, "त्या दिवशी तुझी काही चूक नव्हती." तो म्हणाला, "माहितीये नाना. पण तुमच्यामुळे दोनदा घासावं लागलं."

डावा डोळा अजून व्हायचाय. डॉक्टर दसऱ्याच्या आसपासची तारीख देत होते. शेठ म्हणाले, "नाना, धनत्रयोदशी होऊ द्या, मग करा." माझंही तेच म्हणणं आहे. तोवर मालाचा रंग बघायचा असला की डावा डोळा झाकतो.